दोन नंबरची खोली, मिरज

हॉस्पिटलच्या मागच्या बोळात माझ्या तीन खोल्या.
पेशंटची माणसं येतात, राहतात.
जत, गोकाक, विजापूर. एकदा मस्कतचे दोघे भाऊ.
कुणी आठ दिवस, कुणी पंधरा.
जाताना बादली पालथी घालून जातात.
चार महिन्यांचं भाडं आगाऊ मोजणारी
ही पहिलीच.

म्वानाइदी. गाव टांगा, समुद्राकाठी.
टांगा म्हणताच बोळातली पोरं हसली,
मिरजेत टांगे काय कमी बघितले!
नाव कुणाच्या तोंडात बसेना,
तर दूधवाल्या मगदुमानं तिची मैना केली.
तिनंही मान डोलावली,
जणू खोलीबरोबर नावही भाड्यानं मिळतं.

पहिले आठ दिवस ती जिन्यातच बसलेली दिसायची.
आमचं कुलूप जरा आडमुठं:
किल्ली आत घालून किंचित उचलायची,
थांबायचं, मग डावीकडं.
मराठीत, कन्नडात, हिंदीत सांगून झालं.
शेवटी हात धरून दाखवलं.
हात थंडगार होता, एप्रिलात.

सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत ठेवलेले,
तिनं भाव विचारला, भाजीला.
मालक हसला नाही.
एक भोपळा उचलून त्यानं नुसती टिचकी मारली
आणि तिच्या कानाशी धरला.

सगळेच असे नव्हते.
रिक्षावाले तिप्पट घ्यायचे.
पोरी केसांना हात लावून पळायच्या.
नळावर एका बाईनं आपली घागर बाजूला ओढली.
मी तिथंच उभी होते.
काही बोलले नाही.

मग एकदा साबण संपला.
दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, साबुनी.
शेटे म्हणाला, साबण?
दोघं एकमेकांकडं बघतच राहिले.
दुकानाला तिच्याकडं दुका म्हणतात.
रंगाला रांगी, पैशाला पेसा,
हिशेबाला हेसाबु, औषधाला दावा.
कुठल्या गलबतातनं उतरून हे शब्द
घाट चढून आमच्या बोळापर्यंत आले, कोण जाणे.
रोज एक नवा सापडायचा तिला,
शेजारी गेलेलं आपलं भांडं ओळखावं तसा.
"हे आमचं!"
मी म्हणायचे, असू दे की, आमचंबी हाय.

नारळ खवायला माझी विळी नेली
आणि पाय दुमडून अशी बसली
की मला वाटलं, ही विळी तिच्याच माहेरची.
तिच्या गावी तिला बकरी म्हणतात म्हणे.
त्या रात्री दोन नंबरमधनं
नारळाच्या दुधातल्या भाताचा वास आला.
दार पहिल्यांदाच उघडं होतं.

हमिसीचं तिसरं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी
आम्ही दोघी चालत येत होतो.
पुढं रिक्षा अडकलेली, गर्दीत.
अक्षरं ती हॉस्पिटलच्या पाट्यांवर शिकली होती,
एक्स-रे, रक्त, लघवी, चप्पल बाहेर काढा.
रिक्षाच्या पाठीवरचं वाचायला लागली:
स. बु. री.
म्हणजे काय?
म्हणजे, मी म्हटलं, थांबायचं.
चिडायचं नाही, देवाला टाकून बोलायचं नाही,
नुसतं थांबायचं.
ती रस्त्यातच उभी राहिली.
सुबिरा, म्हणाली.
मागनं हॉर्न वाजत होते.
ह्या वेळी "हे आमचं" म्हणाली नाही.
मीही काही म्हटलं नाही.

चार महिने संपले. भाड्याचं मी काढलं नाही.
काल रात्री जतची एक पोरगी आली,
कडेवर लेकरू, नवरा आयसीयूत,
तीन नंबरच्या कुलपाशी झटत होती.
मी उठून दिवा लावेपर्यंत
मैना खाली उतरली होती.
"किल्ली वर घ्यायचा," सांगत होती,
"थोडा थांबायचा. मग डावीकडं."
दार उघडलं.

किल्ली तो नसतो, ती असते,
हे तिला सांगायचं अजून राहिलंय.